‘विचारलं असतं, तर दिली असती’: गाडी, गुन्हा आणि जात

आमच्या गावाजवळच्या एका वीटभट्टीवर माझा चुलतभाऊ सहा वर्षं कामाला होता. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. भट्टीच्या मालकाची एक मोटारसायकल होती आणि तिची किल्ली मालकाच्या ओसरीवर खिळ्याला टांगलेली असायची. डिझेल आणायला दादा, मालकाच्या पोरांना शाळेत सोडायला दादा, तालुक्याच्या बँकेत चेक टाकायला दादा. दिवसातून तीन-चार वेळा तो ती किल्ली खिळ्यावरून काढायचा आणि परत तिथेच लावायचा. ‘विचारलंस का?’ असं त्याला सहा वर्षांत कुणी म्हटलं नाही.

२०१३ च्या डिसेंबरातली गोष्ट. त्याची धाकटी बहीण नर्सिंगला होती आणि सुट्टीला घरी येत होती. शेवटच्या एसटीने तिला रात्री दहा वाजता फाट्यावर सोडलं. फाट्यापासून गाव सात किलोमीटर. दादा भट्टीवरच होता. त्याने किल्ली घेतली, फाट्यावर गेला आणि बहिणीला मागे बसवून परत निघाला. वेशीजवळ मालकाची दोन माणसं आणि पोलिसांची गाडी उभी होती. पंचनाम्यात लिहिलं गेलं की आरोपी चोरीच्या वाहनासह संशयास्पदरीत्या फिरताना मिळून आला. मागच्या सीटवर पिशवी घेऊन बसलेल्या बहिणीचा त्या पंचनाम्यात उल्लेखच नव्हता. आठ दिवसांपूर्वी दादाने मालकाकडे उचलीचा हिशेब मागितला होता, हेही अर्थातच त्यात नव्हतं.

त्याच वर्षी, त्याच मोटारसायकलवर मालकाचा पुतण्या कुणालाही न सांगता जत्रेला निघून गेला होता. तीन दिवसांनी टाकी रिकामी करून आणि आरसा फोडून परत आला. मालक ओसरीवर बसून हसत म्हणाले, “पोरगंय. त्याला काय विचारायचंय?”

पुतण्याची ती मस्ती आणि दादाची ती चोरी. दादावर भारतीय दंड संहितेचं कलम ३७९ लागलं. अकरा दिवसांनी जामीन झाला. सहा वर्षांनी, २०१९ मध्ये, तो निर्दोष सुटला. उलटतपासणीत आमच्या वकिलांनी फौजदारसाहेबांना विचारलं, “चोर चोरीची गाडी घेऊन मालकाच्याच गावात परत का येत होता?” त्याला उत्तर नव्हतं. पण ते उत्तर मिळेपर्यंत दादाचं जे गेलं, ते कुठल्याच निकालपत्राने परत मिळालेलं नाही. त्याविषयी पुढे सांगतो. मी तेव्हा एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. वर्गात चोरीची व्याख्या शिकायचो आणि तारखेला दादाबरोबर कोर्टात ती व्याख्या माणसाला कशी लागते ते बघायचो.

आधी कायदा समजून घेऊ. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात कायदा पहिल्यांदा येतो तो समन्सच्या रूपात, पुस्तकाच्या रूपात नाही. म्हणून जरा सावकाश.

दुसऱ्याची गाडी परवानगीशिवाय नेली तर आपल्याकडे मुख्यतः दोन कायदे समोर येतात. पहिला चोरीचा. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये आहे. त्याआधी दंड संहितेच्या ३७८ आणि ३७९ मध्ये होता. व्याख्या जवळपास तीच. जंगम वस्तू हवी, ती दुसऱ्याच्या ताब्यातून त्याच्या संमतीशिवाय हलवलेली हवी, आणि हलवताना मनात अप्रामाणिक हेतू हवा. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, किंवा दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. प्रवासी किंवा माल वाहणारं वाहन चोरलं तर कलम ३०५ लागतं आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. उलट वस्तूची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर नव्या संहितेत समाजसेवेची शिक्षा आहे. म्हणजे जुन्या सायकलीचा हिशेब वेगळा आणि मोटारसायकलचा वेगळा.

दुसरा कायदा फारसा कुणाला माहीत नसतो. अनेक ठाणे अंमलदारांच्याही तो पटकन लक्षात येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १९७. मालकाच्या संमतीशिवाय किंवा दुसऱ्या कायदेशीर अधिकाराशिवाय मोटार वाहन नेलं आणि चालवलं, तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. दंड पूर्वी पाचशे रुपयांपर्यंत होता, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच हजारांपर्यंत झाला. या कलमात अप्रामाणिक हेतूची अट नाही. पण त्याला एक परंतुक जोडलेलं आहे आणि या लेखाचा सगळा जीव त्यात आहे. आपल्याला अधिकार आहे असं त्या माणसाला वाजवी कारणाने वाटत होतं, किंवा मालकाला विचारलं असतं तर त्या परिस्थितीत त्याने गाडी दिली असती असं वाजवी कारणाने वाटत होतं, अशी न्यायालयाची खात्री झाली, तर त्याला या कलमाखाली दोषी धरता येत नाही.

‘विचारलं असतं, तर दिली असती.’ कायद्याने माणसाच्या मनातला हा विश्वास ओळखला आहे. चोरीच्या कलमातही तो आहे. संमती उघड असू शकते किंवा परिस्थितीवरून समजून घेण्यासारखी असू शकते, असं स्पष्टीकरणात लिहिलं आहे. आणि त्यासाठी उदाहरण दिलं आहे ते असं: एका माणसाचा दुसऱ्याशी स्नेह आहे. तो दुसरा घरी नसताना पहिला त्याच्या ग्रंथसंग्रहात जातो आणि वाचून परत करण्यासाठी एक पुस्तक घेऊन जातो. आपल्या मित्राची याला ना नसेल असं त्याला वाटलं असेल, तर ती चोरी नाही.

हे उदाहरण १८६० च्या दंड संहितेत होतं आणि २०२३ च्या न्याय संहितेतही जवळपास जसंच्या तसं आलं आहे. ते चुकीचं नाही. पण त्यातला माणूस कोण आहे ते बघा. ज्याचा मित्र ग्रंथसंग्रहवाला आहे तो. ज्याला मित्राच्या घरात त्याच्या पाठीमागेही मोकळेपणाने जाता येतं तो. आपल्या आजोबांच्या पिढीला ज्या घरांच्या उंबऱ्याबाहेर थांबावं लागायचं, त्या घरांतल्या पुस्तकांवर त्यांचा असा स्नेहाचा हक्क कुठून येणार? गृहीत संमतीचा कायदा जवळीक मोजतो, आणि आपल्या समाजात कोण कोणाच्या किती जवळ हे आजही पुष्कळ अंशी जात ठरवते. पुतण्याच्या बाबतीत संमती गृहीत धरायला नातं होतं. दादाच्या बाबतीत सहा वर्षांचं काम होतं. मालकाच्या, पंचांच्या आणि पोलिसांच्या लेखी ते नात्यात मोजलं गेलं नाही.

कोणी म्हणेल, पण दादाने तर गाडी थोड्या वेळासाठी नेली होती आणि परत आणत होता, मग चोरी कशी? इथे आपली एक सार्वत्रिक गैरसमजूत आहे. ‘परत करणार होतो’ एवढ्याने चोरीतून सुटका होत नाही. १९५२ मध्ये जोधपूरच्या हवाई दलाच्या अकादमीतल्या मेहरा नावाच्या कॅडेटने ठरलेलं विमान सोडून, परवानगी न घेता हार्वर्ड जातीचं विमान उडवलं. सोबत आदल्याच दिवशी अकादमीतून काढून टाकलेला दुसरा कॅडेट होता. विमान पाकिस्तानात उतरलं. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. के. एन. मेहरा विरुद्ध राजस्थान राज्य, १९५७. न्यायालयाने सांगितलं की मालकाला वस्तूपासून कायमचं वंचित करण्याचा हेतू असायलाच हवा असं नाही. स्वतःच्या बेकायदा फायद्यासाठी तात्पुरतं नेणंही चोरी होऊ शकतं. पुढे १९६२ मध्ये प्यारेलाल भार्गव खटल्यात सरकारी फाईल एखाद दिवसासाठी कार्यालयाबाहेर नेऊन परत आणली, तरी तीही चोरी ठरली.

म्हणजे एका टोकाला कलम १९७ आहे आणि दुसऱ्या टोकाला चोरी. मधल्या जागेत शेकडो खरी माणसं आहेत. रात्री आजाऱ्याला दवाखान्यात न्यायला मालकाचा टेम्पो काढणारा शेतमजूर. गावी मयत झाली म्हणून रिक्षामालकाला न सांगता रिक्षा घेऊन गेलेला भाड्याचा चालक. साहेबांची गाडी धुता धुता चौकापर्यंत चक्कर मारून आलेला पोरगा. यातल्या कोणाचा हेतू अप्रामाणिक होता आणि कोणाचा नव्हता? ते शेवटी कोर्ट ठरवतं. पण कोर्टाच्या कितीतरी आधी ते ठाण्यातल्या पेनाने ठरवलेलं असतं. आणि पेन धरणाऱ्याला आरोपीचं आडनाव, वस्ती आणि फिर्यादीचं गावातलं वजन हे सगळं ठाऊक असतं.

वाहन आणि जात यांचा संबंध आपल्याला नवा नाही. बाबासाहेबांनी स्वतःच्या आयुष्यातले दोन प्रसंग लिहून ठेवले आहेत. १९०१ साली साताऱ्याहून वडिलांकडे कोरेगावला निघालेली लहान मुलं मसूर स्टेशनवर उतरली. ती महार आहेत हे कळल्यावर गाडीवाले त्यांना न्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं देऊन, बैलगाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवाल्याने बाजूने चालायचं, असं ठरलं. पुढे १९२९ मध्ये, सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य असलेले बॅरिस्टर आंबेडकर चाळीसगावला उतरले, तेव्हा टांगेवाले त्यांचा टांगा हाकायला तयार नव्हते. टांगा देतो, पण हाकणार नाही. म्हणून टांगा हाकण्याची सवय नसलेल्या वस्तीतल्याच माणसाने तो हाकला, अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला.

दोन्ही प्रसंगांत गाडी मिळाली होती. भाडंही दिलं होतं. कागदावर मालकाची संमती होती. तरी त्या संमतीला जातीची अट चिकटलेली होती. आज अट उलटी दिसते. हाकायला आपलाच माणूस लागतो. मालकाच्या घरी, भट्टीवर, उसाच्या फडावर, शहरातल्या सोसायटीत स्टिअरिंग बहुतेक वेळा आपल्याच पोरांच्या हातात असतं. मालकाच्या कामासाठी ते हातात असेपर्यंत तो ‘विश्वासू ड्रायव्हर’. स्वतःच्या कामासाठी हातात घेतलं की त्याच किल्लीचा मुद्देमाल होतो.

आणि गाडी मालकाची असली आणि गुन्हाही मालकाच्या घरचा असला तर? १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलाच्या पॉर्शे गाडीखाली मध्य प्रदेशातून आलेले दोन तरुण अभियंते ठार झाले. काही तासांत जामीन मिळाला आणि त्याच्या अटींत अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध होता, हे देशभर गाजलं. त्याच प्रकरणात, गाडी मी चालवत होतो असं सांगायला घरच्या ड्रायव्हरवर दबाव आणला आणि त्याला डांबून ठेवलं, अशी तक्रार झाली आणि पोलिसांनी मुलाच्या वडिलांवर व आजोबांवर गुन्हा नोंदवला. खटल्याचा निकाल कोर्ट देईल. पण गुन्हा कोणाच्या नावावर खपवता येईल, याचा अंदाज त्या घरात कोणी बांधला असेल तर तो कशाच्या भरवशावर, हा प्रश्न आपण विचारायलाच हवा.

दुसऱ्याची गाडी तर सोडाच, स्वतःच्या गाडीवरही आपल्याला हा प्रश्न चुकत नाही. ‘ही गाडी कुणाची?’ २०१५ च्या दुरुस्तीने अत्याचार प्रतिबंधक कायद्यात एक स्वतंत्र गुन्हा घालावा लागला. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सार्वजनिक जागी सायकल किंवा मोटारसायकल चालवण्यापासून, लग्नाच्या वरातीत घोड्यावर किंवा वाहनावर बसण्यापासून अडवणं. एकविसाव्या शतकात संसदेला हे वाक्य लिहावं लागलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तमिळनाडूच्या शिवगंगा जिल्ह्यात एका दलित विद्यार्थ्याच्या हातांवर वार झाले. तो बुलेट चालवतो म्हणून हल्ला झाला, अशी त्याच्या घरच्यांची तक्रार होती.

संशय किती लांब जाऊ शकतो हे झारखंडने पाहिलं आहे. जून २०१९ मध्ये सराईकेला-खरसावां जिल्ह्यात मोटारसायकल चोरीच्या संशयावरून एका मुस्लिम तरुणाला जमावाने खांबाला बांधून तासन्‌तास मारलं आणि धार्मिक घोषणा द्यायला लावल्या. पोलिसांनी त्यालाच चोरीचा आरोपी म्हणून कोठडीत पाठवलं. काही दिवसांतच तो मेला. २०२३ मध्ये न्यायालयाने दहा जणांना दहा वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा दिली. ज्या चोरीच्या नावाने हे सगळं झालं, ती कधी कुठल्या न्यायालयात सिद्ध झालीच नव्हती.

पारधी, वडार, कैकाडी, बेरड अशा भटक्या-विमुक्त घरांतल्या वाचकांना हे नव्याने सांगायला नको. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कितीतरी जमातींना जन्मतः चोर ठरवलं. तो कायदा ऑगस्ट १९५२ मध्ये गेला. पण सराईत गुन्हेगारांच्या कायद्यांच्या आणि ठाण्यातल्या नोंदींच्या रूपाने त्याची सावली राहिली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातल्या जातवार कामवाटपाला घटनाबाह्य ठरवलं आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये म्हणून पोलिसांना आधीच्या निकालांतली मार्गदर्शक तत्त्वं पाळायला सांगितलं. हे न्यायालयाला २०२४ मध्ये सांगावं लागलं, यातच सगळं आलं.

आता दादाचं काय गेलं ते सांगतो. त्याने पोलीस भरतीची परीक्षा दिली होती आणि निवड यादीत त्याचं नाव होतं. मग साक्षांकन नमुना भरायची वेळ आली. ‘आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे काय?’ त्याने खरं लिहिलं. नेमणूक थांबली. निकाल लागला तेव्हा त्याचं वय निघून गेलं होतं. आपल्या घरांत पहिली सरकारी नोकरी म्हणजे काय असतं, हे या सदराच्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. तीन वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा सिद्ध न होताही त्याला जन्माची शिक्षा देऊन गेला.

हे एकट्या दादाचं नाही. २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत सुमारे पावणेसहा लाख माणसं होती. त्यातली सव्वाचार लाखांहून जास्त, म्हणजे चारांतली तीन, कच्चे कैदी. दोष सिद्ध न झालेले. आणि या कच्च्या कैद्यांत सुमारे दोन तृतीयांश अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागास वर्गांतले.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करू. गाडीचोरी हा खरा गुन्हा आहे आणि त्याचा मार आपल्यालाही बसतो. कर्जाचे हप्ते भरून घेतलेली रिक्षा रात्री दारातून गेली की घराची चूल थांबते. तिथे कडक कलम लागलंच पाहिजे. ‘गरीब होता म्हणून नेली’ अशी सबब मी इथे मांडत नाही. न विचारता दुसऱ्याची गाडी काढण्याची आपल्या पोरांची सवयही कौतुकाची नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की कायद्याने हेतू बघायला सांगितला आहे, तर हेतूच बघा. गाडी विकायला नेली की बहिणीला आणायला? नंबर प्लेट बदलली की नाही? आधी किती वेळा हीच गाडी याच माणसाने मालकाच्या कामाला नेली? मजुरीचा, उचलीचा, निवडणुकीचा काही वाद आधी होता का? हे चार प्रश्न फिर्याद लिहितानाच विचारले गेले पाहिजेत. उत्तरं हेतूच्या विरोधात जाणारी असतील, तर प्रकरण १९७ चं आहे, ३०३ चं नाही. कधीकधी तर ते १९७ चंही नाही, कारण परंतुक मजुरालाही तितकंच लागू आहे जितकं पुतण्याला. सहा वर्षं रोज किल्ली हाताळणाऱ्या माणसाला ‘विचारलं असतं, तर दिली असती’ असं वाटणं यापेक्षा वाजवी काय असू शकतं?

हे कोणी आपल्यासाठी आपणहून करणार नाही. म्हणून घरातल्या पहिल्या शिकलेल्या माणसाने, म्हणजे तुम्ही, काही गोष्टी घरी आणि वस्तीत सांगून ठेवायच्या आहेत.

मालकाची गाडी चालवणाऱ्या प्रत्येक भावाला सांगा, की स्वतःच्या कामाला नेताना फोनवर एक ओळ पाठव: ‘मालक, गाडी फाट्यापर्यंत नेतोय, अर्ध्या तासात आणतो.’ उत्तर नाही आलं तरी ती ओळ तुमच्या मनातला हेतू त्या तारखेला, त्या वेळेला नोंदवून ठेवते. रोजच्या कामासाठी मालकाने केलेले मेसेज पुसू नका. त्यातूनच संमतीची सवय सिद्ध होते.

पोलीस आले तर घाबरून पळू नका. पळणं हाच हेतूचा पुरावा म्हणून उभा केला जातो. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही, तिची कारणं नोंदवावी लागतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात सांगितलं आहे. आज नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ प्रमाणे अशा वेळी हजर राहण्याची नोटीस देता येते. ती आली तर हजर राहा. अटक झालीच, तर तिचं कारण कळण्याचा, आपल्या पसंतीचा वकील भेटण्याचा आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर नेलं जाण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २२ ने दिला आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. वकिलाला पहिल्याच भेटीत कलम १९७ आणि त्याचं परंतुक दाखवा. संकोच करू नका.

फिर्यादच खोटी आणि सूड म्हणून केलेली असेल, आणि फिर्यादी अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असेल, तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३ मध्ये त्यासाठी तरतूद आहे. खोटा, त्रास देण्यासाठीचा खटला घालणं हा तिथे गुन्हा आहे. पण नुसतं निर्दोष सुटणं म्हणजे फिर्याद खोटी ठरणं नव्हे. त्यासाठी वादाचे पुरावे, हिशेबाची वही, साक्षीदार पहिल्या दिवसापासून जपावे लागतात.

आणि साक्षांकन नमुन्यात गुन्हा लपवू नका. २०१६ च्या अवतार सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की माहिती खरी दिलीच पाहिजे. पण ती दिल्यावर नियुक्ती करणाऱ्यानेही गुन्ह्याचं स्वरूप आणि पदाचं स्वरूप बघून निर्णय घ्यायचा आहे. लपवलं तर तेच कारण पुरतं. खरं सांगितलं तर भांडायला जागा राहते. दादाला हा निकाल वेळेवर कोणी सांगितला नाही. मलाही तो तेव्हा माहीत नव्हता, याची खंत आहे.

दादा आता तालुक्याला स्वतःचा टेम्पो चालवतो. बँकेचं कर्ज आहे, हप्ते वेळेवर जातात. त्याच्याकडे वस्तीतलाच एक पोरगा मदतीला आहे. गेल्या दिवाळीत तो पोरगा न सांगता टेम्पो घेऊन आईला दवाखान्यात नेऊन आला. परत आला तेव्हा दादा दारातच उभा होता. चिडला होता. “फोन करायचा ना रे,” एवढंच म्हणाला, आणि आई कशी आहे ते विचारलं.

मालकाने असं वागण्यासाठी कायदा लागत नाही. पण मालक असा वागत नसेल तेव्हा कायद्याने तरी दादासारख्यांच्या हेतूकडे पुतण्याच्या हेतूइतक्याच विश्वासाने पाहिलं पाहिजे. आपली मागणी सवलतीची नाही. जो संशयाचा फायदा मालकाच्या घरातल्या पोराला ओसरीवरच मिळतो, तो आपल्या पोराला निदान पोलीस ठाण्यात तरी मिळावा, एवढीच आहे.

जय भीम.